नाव नीट वाचा, मग साइटला हात लावा : लष्करी रायफलींच्या नागरी आवृत्त्या वापरणाऱ्या नवख्यांसाठी

रायफल पूर्ण लांबीची ‘ए-२’ आहे असं धरून फोरसाइट (नळीच्या टोकाकडची नेमखूण) चार क्लिक, म्हणजे चार खटके, फिरवली. ग्रुप (एकाच नेमानं मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) १०० मीटरवर १४ सेंटिमीटर वर सरकायला हवा होता, तो १९ सेंटिमीटर वर गेला. अशा वेळी नवखा माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो, नाहीतर काडतुसांना. खरं कारण बहुतेकदा साधं असतं : ती रायफल पूर्ण लांबीची नसून कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, असते. दोन साइटमधलं अंतर कमी, म्हणून त्याच क्लिकची किंमत जास्त. रायफलीचं नाव चुकीचं धरलं की क्लिकचा हिशेबही चुकतो. म्हणून आधी नावांचा गुंता सोडवू, मग साइटकडे वळू.

फोरसाइट, बॅकसाइट, ग्रुपिंग, झिरोइंग हे शब्द एनसीसीत रायफल हाताळलेल्यांच्या कानावरून गेलेले असतात, तेच इथे वापरले आहेत. बॅकसाइट म्हणजे डोळ्याजवळची साइट, तिच्यातल्या ज्या भोकातून पाहायचं ते अपर्चर. झिरोइंग म्हणजे गोळी नेमल्या जागी लागेल अशी साइट जुळवणं.

कोणासाठी आहे हेही सांगून टाकू. भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफली, तसंच .३०३ किंवा ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस चालवू शकणाऱ्या रायफली, २०१६च्या शस्त्र नियमांत निषिद्ध गटात येतात. सामान्य परवान्यावर मिळते ती इशापूरची .३१५ बोअरची बोल्ट रायफल. तिची यंत्रणा ली-एनफिल्डच्या घराण्यातली, पण बोअर मुद्दाम निराळा, म्हणजे लष्करी काडतूस तिच्यात चालू नये. खालचं बहुतेक सगळं अमेरिकेतल्या वाचकांच्या कामाचं. तिथे एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याचा कायदा शस्त्र आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला मनाई करतो. राज्याचा वैध शिकार-परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही, पण कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांचे स्वतःचे कडक नियम आहेतच. घेण्याआधी वकिलाला विचारा. दुकानदार सांगतो ते पुरेसं धरू नका.

नावांचा गुंता

‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. ती आर्मालाइट कंपनीच्या नावातली अक्षरं आहेत. यूजीन स्टोनरची रचना, १९५९मध्ये हक्क कोल्टकडे गेले. लष्करानं घेतलेल्या रायफलीचं नाव झालं एम-१६, आणि एका चापात एकच गोळी सुटणारी नागरी आवृत्ती कोल्टनं ‘एआर-१५’ या नावानं विकली. एआर-१५ हा कोल्टचा ट्रेडमार्क. म्हणून इतर कंपन्यांच्या रायफलींच्या अंगावर वेगळी नावं कोरलेली दिसतात : स्मिथ अँड वेसनची ‘एम अँड पी १५’, रुगरची ‘एआर-५५६’, बुशमास्टरची ‘एक्सएम १५-ई२एस’. बोलताना सगळ्यांना एआर-१५ म्हटलं तरी चालतं. सुटे भाग मागवताना आणि कागदपत्रं भरताना मात्र अंगावर जे कोरलंय तेच लिहायचं. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीनं एआरचा लोअर रिसीव्हर (चाप आणि मॅगझिन बसतात तो खालचा सांगाडा) हेच ‘शस्त्र’, सिरियल नंबर त्यावरच असतो. वरचा अर्धा भाग, म्हणजे अपर, कोणीही कधीही बदललेला असू शकतो. म्हणून लोअरवरचं नाव वाचून साइट कुठली हे कळत नाही. साइट ओळखायची तर अपर पाहायचा.

आता ए-१, ए-२, ए-३, ए-४. हे आकडे अपरच्या घडणीबद्दल बोलतात.

ए-१ : हँडल रिसीव्हरला जोडूनच घडवलेलं, बॅकसाइटला फक्त डावी-उजवी दुरुस्ती, तीही काडतुसाच्या टोकानं किंवा हत्यारानं. उंची फक्त फोरसाइटनं बदलायची. फोरसाइटचा खुंट गोल, एका फेऱ्यात पाच क्लिक.

ए-२ : हँडल जोडलेलंच, पण बॅकसाइटला उजव्या बाजूला विंडेजची (डाव्या-उजव्या दुरुस्तीची) घुंडी आणि खाली उंचीचं आडवं चाक. अमेरिकी मरीन दलानं ही १९८३मध्ये स्वीकारली. फोरसाइटचा खुंट चौकोनी, फेऱ्यात चार क्लिक.

खरी गंमत ‘ए-३’ची. बाजारात ए-३ अपर म्हणजे सपाट माथ्याचा, हँडल काढता येणारा. लष्कराची एम-१६ए३ मात्र ए-२सारखंच पक्कं हँडल असलेली, सलग गोळीबार करणारी रायफल, ती प्रामुख्यानं नौदलाकडे होती. सपाट माथ्याची लष्करी रायफल म्हणजे एम-१६ए४. त्यामुळे ‘ए-३ची साइट हवी’ असं कुणी म्हटलं तर ‘सपाट माथा की पक्कं हँडल?’ एवढा एकच प्रश्न विचारा.

‘एम-४’चंही तसंच. लष्करी एम-४ची नळी साडेचौदा इंच. नागरी रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असली की ती १९३४च्या कायद्याखाली वेगळ्या नोंदणीच्या वर्गात जाते, म्हणून दुकानातली ‘एम-४ पद्धतीची’ कार्बाइन साधारण १६ इंची असते. पुढच्या साइटचा बुंधा तरी बहुधा त्याच जागी, म्हणजे हिशेब कार्बाइनचाच.

जुनी कोल्ट एसपी-१ (कोल्टची सुरुवातीची नागरी एआर-१५) हाती आली तर एक खुबी ध्यानात ठेवा. अपर-लोअर जोडणाऱ्या तिच्या पुढच्या खिळ्याचं भोक .३१५ इंच, बाकी बहुतेकांचं .२५० इंच. त्यावर आजचा अपर सरळ बसत नाही, मधे अडॅप्टर खिळा लागतो. ‘एआर-१५चा अपर’ एवढंच सांगून मागवलेला माल परत पाठवावा लागतो तो असा.

एम-१४ ही एम-१६च्या आधीची अमेरिकी लष्करी रायफल, तिचं घराणं वेगळं. मॅसॅच्युसेट्समधली सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी १९६८मध्ये बंद झाली. नंतर एका खासगी कंपनीनं तेच नाव घेतलं आणि एम-१४ची नागरी आवृत्ती ‘एम१ए’ नावानं काढली. एम१ ही गॅरंड, एम१ए१ ही छत्रीधारी सैनिकांची घडीच्या दस्त्याची कार्बाइन, आणि एम१ए ही एम-१४ची बहीण. तीन वेगळ्या रायफली, तीन वेगळी काडतुसं. एका अक्षराच्या चुकीनं भलतंच मॅगझिन घरी येतं.

हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या लष्करी-नागरी जोड्या लक्षात ठेवायला सोप्या : जी-३ची नागरी एचके-९१, एचके-३३ची एचके-९३, एमपी-५ची एचके-९४. पुढे ए-२ म्हणजे पक्का दस्ता, ए-३ म्हणजे सरकता. म्हणजे इथला ए-२ आणि कोल्टचा ए-२ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

कलाश्निकोव्ह पद्धतीच्या आयात रायफलींवर आयातदाराचं नाव आणि गाव कोरलेलं असतं. नवखे तेच कारखान्याचं नाव समजतात. कारखाना ओळखायचा तो मूळ शिक्क्यावरून.

सहा गोष्टींचं कार्ड

वहीत किंवा रायफलीच्या पेटीत एक कार्ड ठेवा. त्यावर लिहा : लोअरवरचं कोरलेलं नाव जसंच्या तसं, अपरचा प्रकार, नळीची लांबी, नळीवरचं काडतुसाचं नाव, दोन साइटमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, आणि एका क्लिकची किंमत.

काडतुसाचं नाव नळीवरून वाचायचं, रायफलीच्या नावावरून ताडायचं नाही. ‘.२२३ रेमिंग्टन’ लिहिलेल्या चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) ५.५६ नाटो काडतूस बसतं, पण दाब वाढू शकतो. उलट बाजूनं, ५.५६च्या चेंबरमध्ये .२२३ चालवायला अडचण नाही.

क्लिकची किंमत काढायचा हिशेब शाळेतल्या समरूप त्रिकोणांचा. साइट जितकी सरकली त्याला दोन साइटमधल्या अंतरानं भागा आणि लक्ष्याच्या अंतरानं गुणा. ए-२च्या फोरसाइटचा एक क्लिक म्हणजे ०.१७६ मिमी. पूर्ण लांबीच्या रायफलीत साइटमधलं अंतर सुमारे ५०१ मिमी, म्हणून १०० मीटरवर ३.५ सेंटिमीटर. कार्बाइनमध्ये अंतर ३६८ मिमी, म्हणून ४.८. सुरुवातीचे १४ आणि १९ इथून आले. पाच क्लिकचा ए-१ खुंट पूर्ण लांबीच्या रायफलीवर २.८ सेंटिमीटर देतो. जुन्या बुंध्यात नवा खुंट कोणीतरी घातलेला असतो, तेव्हा क्लिक मोजून बघा, पुस्तकावर विसंबू नका.

साइटची निगा

आधी रायफल रिकामी. क्रम महत्त्वाचा : मॅगझिन बाहेर, मग बोल्ट दोन-तीनदा मागे, मग तो मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यानं पाहा आणि बोटानं चाचपा. मॅगझिन आत ठेवून बोल्ट ओढला तर तुम्हीच चेंबर भरलेलं असतं. काडतुसं त्या टेबलावर नकोत, शक्य तर त्या खोलीतच नकोत.

सफाई. फोरसाइटच्या बुंध्यात, संरक्षक कानांच्या मधे काजळी आणि तेल मिळून लगदा होतो. जुना टूथब्रश आणि थोडं शस्त्रतेल पुरे. अपर्चर लाकडी दातकोरणीनं किंवा कोरड्या पाइप-क्लीनरनं साफ करा. तारेनं, सुईनं कधीच नाही. भोकाच्या कडेला ओरखडा पडला की तिथे उजेड चमकतो आणि डोळा त्या बाजूला ओढला जातो. भोकात तेलाचा थेंब राहिला तर तो पातळ भिंगासारखा पसरतो, लक्ष्य धूसर दिसतं, आणि माणूस चष्म्याचा नंबर वाढला समजतो.

तेल. ए-२मध्ये तेल लागतं ते तीन ठिकाणी. फोरसाइटच्या खुंटाशेजारी स्प्रिंगवर बसलेला छोटा खिळा असतो, तो दाबून दोन थेंब सोडा, मग पाच-सहा वेळा दाबून सोडा, म्हणजे तेल स्प्रिंगपर्यंत जातं. विंडेजच्या स्क्रूवर एक थेंब. उंचीच्या चाकाच्या दांड्यावर एक थेंब, मग दोन्ही घुंड्या इकडून तिकडे फिरवा. किती फिरवल्या ते आधी लिहून ठेवा, नाहीतर झिरो गेला. वरचं तेल पुसून टाका. फोरसाइटचा खिळा गंजून बसतो ती तक्रार सगळ्यात जास्त, विशेषतः दमट हवेत वर्षानुवर्षं न हललेल्या रायफलीत. अशा वेळी पक्कड लावू नका. तेल सोडून एक रात्र ठेवा, दुसऱ्या दिवशी खुंटाला बसणारं चार दातांचं हत्यार वापरा. पाच क्लिकच्या खुंटाचं हत्यार वेगळं, पाच दातांचं.

काळा रंग. फोरसाइटचा मूळ काळा थर घासला गेला की धातू उघडा पडतो. ऊन उजवीकडून आलं तर खुंटाची उजवी कड उजळते, डोळा उजळ कडेला मधोमध धरतो आणि गोळ्या डावीकडे जातात. स्पर्धक यासाठी कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरतात किंवा साइट काळी करायचा स्प्रे मारतात. दोन्ही कोरड्या, तेलमुक्त धातूवरच बसतात, म्हणून हे काम रेंजवर, नेमबाजीच्या आधी करायचं.

ढिलेपणा. काढता येणारं हँडल असेल तर ते दर वेळी माथ्यावरच्या रेलच्या त्याच खाचेत बसवा, पुढे ढकला आणि तसंच धरून नट आवळा. नट आणि हँडलवर मिळून एक बारीक रंगरेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की नट सरकला. प्लॅस्टिकच्या घडीच्या फोरसाइट गॅस ब्लॉकवर (नळीतला वायू मागे वळवणारा नळीवरचा ठोकळा) बसवू नका, तिथे उष्णतेनं त्या मऊ पडतात. गॅस ब्लॉकवर हवी तर धातूचीच.

झिरो, ए-२ पद्धतीनं

१. फोरसाइटचा खुंट अशा उंचीवर आणा की त्याचा पाया बुंध्याच्या वरच्या पृष्ठभागाशी सपाट जुळेल.

२. बॅकसाइट मधोमध. अपर्चर लहान, न कोरलेलं निवडा. ‘०-२’ कोरलेलं मोठं भोक जवळच्या अंतरासाठी आणि अंधुक उजेडासाठी.

३. उंचीचं चाक ८/३ वर आणा. म्हणजे ३०० आणि ८०० मीटर, एकाच खुणेवर. इथे साइट जवळपास तळाला असायला हवी, खाली फार तर तीन क्लिक. तसं नसेल तर चाक चुकीचं जोडलंय, बंदूक-कारागिराकडे न्या. मग एक क्लिक वर : ८/३ अधिक १. काढता येणाऱ्या हँडलवर खूण ६/३ असते. त्यात कार्बाइनवर ६/३ वरच झिरो करायचा, २० इंची रायफलीवर ६/३ अधिक २ क्लिक.

४. २५ मीटरवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तीन-तीन गोळ्यांचे दोन ग्रुप. एका गोळीवर दुरुस्ती करणं हा वेळेचा आणि दारूगोळ्याचा नास.

५. उंची फोरसाइटनं. खुंट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की तो खाली जातो आणि गोळी वर जाते. बॅकसाइट गोळी जिकडे हवी तिकडे न्यायची, फोरसाइट नेमकी उलट. २५ मीटरवर रायफलीचा एक क्लिक साधारण ९ मिमी, कार्बाइनचा १२.

६. डावं-उजवं विंडेजच्या घुंडीनं. घड्याळाच्या दिशेनं फिरवली की गोळी उजवीकडे. २५ मीटरवर रायफलीचा क्लिक जेमतेम ३ मिमी.

७. ग्रुप मध्यावर आला की उंचीचं चाक एक क्लिक खाली, परत ८/३ वर. ही शेवटची पायरी विसरली तर ३०० मीटरवर सगळं वर जातं. ६/३ अधिक २ केलं असेल तर दोन क्लिक खाली.

अडतं कुठे? विंडेज एका टोकाला जाऊन संपलं आणि ग्रुप अजून बाजूलाच, तर पुढच्या साइटचा बुंधा नळीवर तिरका बसलाय. रायफल टेकवून मागून पाहा, वरचा माथा आणि फोरसाइट एकमेकांना काटकोनात नसतील तर दिसतंच. खुंट वर-वर काढत गेलात, तो जवळजवळ बाहेर आला तरी गोळ्या वरच, तर सपाट माथ्याच्या अपरवर बुटका बुंधा लागलाय. सपाट माथ्यासाठीच्या उंच बुंध्यावर ‘एफ’ कोरलेला असतो, तो सुमारे एक मिलिमीटर उंच. बुंधा बदलण्यापेक्षा उंच खुंट घालणं स्वस्त.

इतर घराणी, थोडक्यात

एम१एची बॅकसाइट फार चांगली, पण तिचा एक ठरलेला आजार आहे : धक्क्यानं उंची आपोआप उतरते. तपासणी अशी. अपर्चर तळापासून आठ-दहा क्लिक वर घ्या आणि अंगठ्यानं खाली दाबा. उतरलं तर ताण कमी आहे. अपर्चर पुन्हा तळाला न्या, उंचीची घुंडी घट्ट धरा आणि विंडेजच्या घुंडीच्या मध्यातला नट थोडाथोडा आवळत पुन्हा तीच तपासणी करा. दाबल्यावर उतरत नाही पण घुंडी बोटांनी फिरते, तिथे थांबा. फार आवळला तर घुंड्या फिरायलाच नकार देतात. साध्या साइटचा क्लिक कोनाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, स्पर्धेच्या ‘नॅशनल मॅच’ साइटचा विंडेज-क्लिक अर्धा. आणखी एक. एम१एची फोरसाइट फ्लॅश सप्रेसरवर (नळीच्या तोंडावरचा, ज्वाळा कमी करणारा भाग) बसलेली असते, नळीवर नाही. ग्रुप कारण नसताना भटकायला लागला तर आधी सप्रेसर हातानं हलवून पाहा.

एचके-९१ची फोरसाइट पक्की, सगळी दुरुस्ती मागच्या फिरत्या ड्रमवर. ड्रमवरचं १ म्हणजे उघडी व्ही-खाच, १०० मीटरची. २, ३, ४ ही गोल भोकं, २०० ते ४०० मीटरची. ‘एकवर भोकच नाही’ म्हणून ड्रम तुटका समजू नका. एचके-९४चा ड्रम दिसायला तसाच, पण तिथली चारही भोकं वेगवेगळ्या आकाराची, उजेडाप्रमाणे निवडायची, अंतराशी त्यांचा संबंध नाही. उंचीसाठी ड्रमच्या आतले दोन स्प्रिंग-खिळे एकदम दाबणारं खास हत्यार लागतं. स्क्रूड्रायव्हरनं एकेक खिळा दाबून पाहणारे ड्रमची आतली कड खातात.

कलाश्निकोव्ह पद्धतीत उंची आणि विंडेज दोन्ही फोरसाइटवर. खुंट फिरवला की उंची, तो धरणारं गोल नळकांडं आडवं सरकवलं की विंडेज. एकेएमच्या मापात पूर्ण फेरा १०० मीटरवर २० सेंटिमीटर, नळकांडं एक मिलिमीटर सरकलं की २६. हातोडा मारून सरकवणाऱ्यांचं एक मिलिमीटर कधी होतं कळतही नाही, स्क्रूचं ढकलयंत्र घ्या आणि कडेला आधी छिन्नीनं जुनी खूण कोरून ठेवा. रशियन लष्करी रीतीनं ७.६२ मिमीच्या रायफलीत बॅकसाइटची पट्टी ३ वर (३०० मीटर) ठेवून १०० मीटरवर ग्रुप नेमाच्या २५ सेंटिमीटर वर आणतात. हे माहीत नसलेला माणूस तो मधोमध आणतो आणि ३०० वर गोळ्या जमिनीत शोधतो.

वर्षातून एकदा

खंडेनवमीला घरातली हत्यारं बाहेर निघतातच. त्याच दिवशी साइटची वार्षिक तपासणी करा : क्लिकची नोंद कार्डाशी ताडून पाहा, रंगरेघा पाहा, रेड-डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) असेल तर तिची बॅटरी चालत असली तरी बदला. हळदकुंकू दस्त्याला लावा, अपर्चरला नको. ओली हळद भोकात सुकली की खरवडूनच काढावी लागते, आणि खरवडणं का वाईट ते वर आलंच आहे.

चमकणाऱ्या साइटमध्ये किंवा काही दुर्बिणींत ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू कुपीत भरलेला असतो. त्याची अर्धी उमेद १२.३ वर्षांत संपते, म्हणून पंचवीस वर्षांच्या जुन्या साइटची चमक चौथाईवर आलेली असते. ती साफ करून वाढत नाही, कुपी बदलावी लागते आणि ते काम उत्पादकाकडेच. अल्ट्रासॉनिक सफाईच्या भांड्यात अशी साइट बुडवू नका. कुपी फुटलीच तर हात न लावता खोलीबाहेर या, खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा, हात साबणानं धुवा आणि पुढे काय करायचं ते उत्पादकाला विचारा.